माझगांव : टेकडी, वाडी आणि बंदर

महोत्सवाच्या या पुस्तिकेंत आपल्या देवळाचा वृत्तान्त अन्यत्र दिलाच आहे. येथें माझगांवची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचें आजोळ अथवा सासर त्या वस्तींत असे. तथापि माझगांव म्हटलें कीं आजच्या तरुणाच्या डोळ्यांपुढें गोदीची भिंत तेवढी उभी राहते. गोदी तेथें मागाहून आली. तिच्या आधीं त्या किनाऱ्यावर कोळ्यांचे मचवे होते, भंडाऱ्यांचे माड होते, आंबराई होती आणि एक देऊळ होतें.

मुंबईच्या सात बेटांपैकीं हें एक. नांवाविषयीं दोन मतें आहेत. कोणी ‘मच्छगांव’ म्हणजे मासळीचें गांव असा अर्थ लावितात, तर कोणी ‘माझें गांव’ असा. पंडित पहिला पक्ष घेतात. वाडींतील वृद्धांना दुसराच रुचे, आणि त्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यांत हीं बेटें गेलीं. १५७२ मध्यें माझगांवची जहागीर सूझा-ई-लीमा घराण्याकडे वंशपरंपरेनें आली. याच घराण्यानें १६३२ सालीं ग्लोरिया मातेचें देऊळ उभारिलें. टेकडीच्या पायथ्याशीं असलेलें तें देऊळ पुढें जवळजवळ पावणेतीनशें वर्षें येथील लोकांच्या जन्ममरणाचें साक्षी राहिलें. राज्यें बदललीं. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, १६६५ त प्रत्यक्ष ताबा देण्यांत आला, आणि १६६८ त वर्षाला दहा पौंडांच्या खंडानें ती कंपनीच्या पदरांत पडली. दहा पौंडांत सात बेटें ! आज त्याच माझगांवांत एका खोलीच्या भाड्यासाठीं माणसाचें आयुष्य खर्ची पडतें.

इंग्रजांनीं टेकडीवर लहानसा किल्ला बांधिला. परंतु १६८९ मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला, त्यानें माझगांव घेतलें व मुंबईच्या किल्ल्यास वेढा दिला. कंपनीस औरंगजेबाची क्षमा मागावी लागली. १६९० च्या जून महिन्यांत सिद्दी निघून गेला तो माझगांवचा किल्ला उद्ध्वस्त करूनच. आज त्या टेकडीवर बाग आहे आणि बागेखालीं पाण्याचा हौद.

माझगांवच्या आंब्याची कीर्ति मोठी होती. येथील कांहीं झाडें वर्षांतून दोनदां, म्हणजे नाताळच्या सुमारास व पुन्हां वैशाखांत, फळ देत असें जुन्या ग्रंथांतून लिहिलेलें आढळतें. शहाजहानच्या दरबारीं हा आंबा जात असे अशीही आख्यायिका आहे. तीं झाडें गेलीं, हें सांगावयास नकोच.

धर्मकारभाराची कथा तितकीशी गोड नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. १७२० त इंग्रजांनीं फ्रान्सिस्कन मठवासीयांस घालवून कार्मेलाइट धर्मगुरूंस बोलाविलें. गोव्याच्या महागुरूंचा अधिकार मानावा कीं रोमहून नेमलेल्या व्हिकरांचा, या वादानें पुढें घरेंच्या घरें दुभंगलीं. १७९४ सालीं कंपनीनें देवळें दोहों पक्षांत वांटून दिलीं. सोयरे एकमेकांच्या देवळांत पाऊल ठेवीनात. हा दुहेरी अधिकार १९२८ च्या करारानें एकदांचा मिटला.

आतां आपल्या माणसांविषयीं. म्हातारपाखाडी म्हणजे माझगांवच्या मूळ ख्रिस्ती वस्तीचें हृदय. लांकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरें, आणि वाटेवरचा क्रूस. येथील लोक घरांत मराठी बोलत, आणि १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वेळीं त्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. कंपनीच्या जुन्या चाकरीचा हक्क सांगण्यासाठीं घेतलेलें हें नांव. मराठी बोलणाऱ्या माणसानें तें मिरवावें याची गंमत आम्हांस नेहमींच वाटत आली आहे. परंतु याच वाडींत १८६४ सालीं जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. केंब्रिजांत शिकून ते बॅरिस्टर झाले, लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी झाले. १९१६ मध्यें होमरूल लीग स्थापन झाली तेव्हां तिचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. १९२० त अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत ते होते, १९२५ त मुंबईचे महापौर झाले, आणि १९३० सालीं निवर्तले. सर्व मुंबई त्यांस ‘काका’ म्हणे. टेकडीवरील ती बाग आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

बंदर वाढलें तसा समुद्र मात्र माझगांवापासून दूर गेला. १८७३ त पोर्ट ट्रस्ट झाला, १८८० त प्रिन्सेस डॉक उघडला, मग व्हिक्टोरिया डॉक. विसाव्या शतकाच्या आरंभीं माझगांव व शिवडी यांमधील खाजण भरून काढण्यांत आलें. ज्या कोळ्याच्या दारांत भरतीचें पाणी येई त्याला आपली होडी पाहावयास भिंतीला वळसा घालून जावें लागलें. १९११ मध्यें ग्लोरिया मातेचें जुनें देऊळही पाडण्यांत आलें. १९१३ पर्यंत भायखळ्यास त्याच नांवाचें भव्य मंदिर उभें राहिलें. मंदिर सुंदर आहे, यांत शंका नाहीं. पण माता गांवांतून उठून शेजारच्या गांवीं गेली, ही रुखरुख माझगांवकरांच्या बोलण्यांत दीर्घकाल राहिली.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस तर कोणी विसरणार नाहीं. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज उभें होतें. एकाच पोटांत कापसाच्या गांठी, सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्य आणि सोन्याच्या विटा ! दुपारीं आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानें दुसरा. आग विझवावयास गेलेले ६६ बंबवाले मेले. एकंदर मृतांचा आंकडा आठशेंपासून तेराशेंपर्यंत सांगतात. गोदींत रोजंदारीनें काम करणाऱ्या किती जणांची मोजदादच झाली नाहीं कोण जाणे. सोन्याची एक वीट मैलभर उडून एका वृद्ध पारशी गृहस्थाच्या घरांत पडली व त्यानें ती सरकारांत जमा केली. वर्तमानपत्रांनीं विटेची कथा आवडीनें छापली. हमालांचीं नांवें मात्र कोणीं छापलीं ?

तीन वर्षांनीं, १७ जुलै १९४७ रोजीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अवसेच्या सणाला घरीं चाललेले ते कोंकणचे लोक होते. महिन्यापेक्षां कांहीं कमी दिवसांनीं स्वातंत्र्य आलें आणि त्या आनंदांत हा आक्रोश बुडून गेला.

गोदीनेंही पुढें कूस पालटली. १९३४ त स्थापन झालेली माझगांव डॉक कंपनी १९६० सालीं सरकारनें घेतली, आणि तेथें बांधलेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका १९७२ त नौदलांत दाखल झाली. म्हातारपाखाडींत कांहीं जुनीं घरें अजून उभीं आहेत. त्यांच्या सभोंवार उंच इमले चढत आहेत. बाप्टिस्टा बागेंत सायंकाळीं चढून गेलें म्हणजे पूर्वेस गोदीच्या याऱ्या दिसतात, त्यांच्या पलीकडे पाणी, आणि धक्क्यावरून रेवसकडे निघालेली लाँच.