पूडलचा पोशाख

छातीवर आयाळ, कमर भादरलेली आणि पायांच्या सांध्यांवर केसांचे गोंडे, असा पूडल कुत्रा पाहिला म्हणजे हा केवळ दिवाणखान्यातील लाडोबा, असा कोणाचाही ग्रह होतो. आमच्या मते हा ग्रह अन्यायाचा आहे. त्याचे नावच मुळी पाण्यावरून पडले. जर्मन भाषेत ‘पुडेल्न’ म्हणजे पाणी उडवीत डुंबणे; फ्रेंच लोक त्यास ‘कानिश’ म्हणतात, व त्या शब्दात ‘कानार’ म्हणजे बदक दडलेले आहे. शिकाऱ्याने पाडलेली बदके थंडगार पाण्यातून तोंडात धरून आणावयाची, हा त्याचा पिढीजात पेशा.

त्याचे दाट, कुरळे केस सारखे वाढतच राहतात. नित्य विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात. ते भिजून जड झाले म्हणजे पोहणे कठीण. म्हणून मागचे अंग भादरावयाचे, आणि छाती व सांधे यांस ऊब राहावी एवढ्यापुरते केस ठेवावयाचे, असा या कातरणीचा मूळ हेतू सांगतात. पुढे हौशी धन्यांनी या कामाच्या पोशाखाचा नखरा केला, त्यास तो बिचारा काय करणार!

गैरसमज मात्र त्याच्या कपाळीच लिहिलेला दिसतो. इंग्लंडच्या यादवीत राजपुत्र रूपर्टचा ‘बॉय’ हा पांढरा कुत्रा, जो पूडल असल्याचे मानतात, चेटक्या म्हणून पत्रकांतून गाजला. १६४४ साली मार्स्टन मूरच्या रणांगणावर तो मारला गेला. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये सैतान घरात शिरतो तोही काळ्या पूडलच्या रूपाने. आणि १९०७ साली लॉइड जॉर्ज यांनी लॉर्डांच्या सभेस बाल्फोरचा पूडल म्हणून हिणविले. मिंध्या माणसास हा शब्द इंग्रजी राजकारणात अद्यापि लावतात. पाण्यातल्या बदकांची आठवण कोणालाच होत नाही.