ज्याची त्याची बादली

तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या फोनच्या तळाशी एकच मागणी असंख्य वेळा झालेली असते: जरा मेमरी दे. वायफायवरून पॅकेट आलं, की मेमरी. फाईल उघडली, की मेमरी. काम झालं की परत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो, ही देवाणघेवाण तो सांभाळतो. फोनमध्ये बहुधा आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी मागणारे आठ जण. ते एकमेकांच्या पायात पाय का घालत नाहीत, यामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे. मला तो वाचायला आवडतो, कारण त्यातली बरीचशी हुशारी चांगलं कुलूप बनवण्यात नाही, तर कुलूप लावायची वेळच येऊ नये यात खर्च झाली आहे.

आधी अडचण बघू. मोकळ्या तुकड्यांची एक यादी आहे. पहिला तुकडा उचलायचा आणि त्याच्या पुढच्याला पहिला करायचं. दोन कोअरनी हे एकाच क्षणी केलं तर एकच तुकडा दोघांना मिळतो. एक जण त्यात तुमच्या मेसेजचं पॅकेट लिहितो, दुसरा फाईलची नोंद. मग डेटा खराब होतो, नाहीतर मशीनच बंद पडतं. म्हणून लॉक: एक जण आत, बाकीचे बाहेर. दोन कोअर असले तर चालून जातं. वीस असले की रांग लागते. आणि रांग नसली तरी लॉक जिथे लिहिलेलं असतं ती मेमरी या कोअरच्या कॅशमधून त्या कोअरच्या कॅशमध्ये सारखी फिरत राहते, आणि तुकडा उचलण्यापेक्षा या येरझाऱ्याच महाग पडतात. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये तर अख्ख्या कर्नललाच एक मोठं लॉक होतं. ते पूर्णपणे निघायला २०११ उजाडलं.

मेमरीपुरतं उत्तर मात्र त्याआधीच सापडलं होतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये सीक्वेंट नावाची कंपनी अनेक प्रोसेसरांची युनिक्स मशीन बनवायची. तिथल्या पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९३ साली युसेनिक्स परिषदेत एक पेपर मांडला. तो समजायला लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वाढपी वाटीभर वरणासाठी भटारखान्यात धावत नाही. ज्याची त्याची बादली असते, संपली की भरून आणायची. तसाच प्रत्येक प्रोसेसरला मोकळ्या तुकड्यांचा स्वतःचा साठा. लॉक फक्त भटारखान्याच्या दाराला.

इथे एक बारकावा आहे. मेमरीच्या पंगतीत लोक ताटातलं परतही देतात. बादली काठोकाठ भरलेली असताना एक तुकडा परत आला, म्हणून ती आत नेऊन रिकामी केली, आणि लगेच कुणीतरी मागितलं तर? पुन्हा आत. मागणी आणि परतफेड आलटून पालटून आली की फेऱ्याच फेऱ्या. म्हणून त्यांनी प्रत्येक प्रोसेसरला दोन याद्या दिल्या: एक हाताशी, एक राखीव.

नाव मात्र गाजलं ते सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविकचं. १९९४ साली सोलारिस २.४ सोबत त्याचा 'स्लॅब' आला, आणि पुढे लिनक्सनेही ती कल्पना उचलली. पण त्या पहिल्या स्लॅबमध्ये प्रोसेसरागणिक साठा नव्हता. २००१ मध्ये जोनाथन अ‍ॅडम्ससोबतच्या पेपरात त्याने 'मॅगझिन' मांडलं. वाचायचं नव्हे, बंदुकीचं. प्रत्येक प्रोसेसरकडे दोन: एक लोड केलेलं, एक त्याआधीचं. त्याची खरी भर वेगळी होती. मागच्या डेपोच्या लॉकवर गर्दी दिसली की मॅगझिनचा आकार आपोआप वाढायचा. हे सुंदरच आहे, पण मॅगझिनची गोष्ट सांगताना सीक्वेंटचा उल्लेख क्वचितच होतो, हे मला खटकतं.

आपली बादली आपल्यापुरती, म्हणजे लॉकची गरज संपली, असं वाटेल. तसं नाही. प्रोसेसर तुकडा उचलतोय तेवढ्यात नेटवर्कचा इंटरप्ट येतो. हातातलं काम अर्धवट टाकून कर्नल तिकडे वळतो, आणि त्या कामालाही मेमरी लागते, त्याच बादलीतून! म्हणजे भांडण आता स्वतःशीच. जुना उपाय: तुकडा उचलेपर्यंत इंटरप्ट बंद.

दुसरं दुखणं साठ्याचंच. सिलिकॉन ग्राफिक्सच्या ख्रिस्टोफ लॅमेटरने २००७ साली 'स्लब' आणताना लिहिलं होतं, की हजारेक प्रोसेसरांच्या त्यांच्या मशीनवर नुसत्या या रांगांच्या नोंदी ठेवण्यातच काही गिगाबाइट मेमरी अडकून पडते. वाढपी इतके, की सगळं वरण बादल्यांतच! स्लबच्या नावातला 'यू' म्हणजे रांगांविना. त्यात मधल्या याद्या नाहीत, मेमरीचं एकेक अख्खं पातेलंच एकेका प्रोसेसरच्या नावावर. २०११ मध्ये त्याने इंटरप्ट बंद करणंही नेहमीच्या वाटेवरून काढून टाकलं. यादीच्या टोकासोबत एक क्रमांक ठेवायचा, तो प्रत्येक व्यवहाराला बदलतो. आपण पाहिलेलं टोक आणि क्रमांक अजून तेच असतील तरच एका झटक्यात बदल करायचा, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

आडवाटेला मात्र इंटरप्ट बंद करणं उरलंच. ज्या मशीनला ठरावीक वेळेत प्रतिसाद द्यावाच लागतो, कारखान्यातला रोबो म्हणा, त्याला ही बहिरेपणाची वेळ परवडत नाही. शिवाय नुसतं 'इंटरप्ट बंद' लिहिलं, की नेमकं काय जपायचं होतं ते पुढच्या वाचणाऱ्याला कळत नाही. २०२० च्या लिनक्स ५.८ मध्ये 'लोकल लॉक' आलं. साध्या कर्नलमध्ये ते पूर्वीचंच काम करतं, रिअल-टाइम कर्नलमध्ये त्या कोअरपुरतं खरं लॉक होतं, आणि दोन्हीकडे त्याला नाव असतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत कमी चमकणारी आणि सर्वांत शहाणी पायरी. पुढच्याच वर्षी व्लास्तिमिल बाब्काने स्लबला ते लावलं.

जुनं स्लॅब २०२४ मध्ये लिनक्समधून काढून टाकलं. रांगा गेल्या म्हणावं, तर २०२५ च्या ६.१८ मध्ये बाब्कानेच त्या स्लबमध्ये परत आणल्या, हव्या तिथेच वापरायच्या अटीवर. या वेळचं नाव शेतातलं: पेंढी. मागचा साठा म्हणजे कोठार. इंटरप्ट बंद करायचे नाहीत, लोकल लॉक मिळतंय का बघायचं, नाही मिळालं तर न थांबता दुसऱ्या वाटेने जायचं. आणि नेहमीच्या देवाणघेवाणीसाठी प्रत्येक कोअरकडे पेंढ्या दोन: एक हाताशी, एक राखीव.