लिहिण्याचा अधिकार

इगतपुरी तालुक्यातील एखादा जुना सातबारा ज्याने निरखून पाहिला असेल त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली म्हणून पहिल्या खातेदाराचे नाव तेथे खोडून टाकलेले नसते. ते कंसात घातलेले असते, आणि ज्या फेरफाराने ते कंसात गेले त्याचा क्रमांक वर्तुळ करून शेजारी मांडलेला असतो. या तालुक्यात असे कंस पुष्कळ. दारणेच्या नि वैतरणेच्या धरणांखाली जमिनी गेल्या. पुढे समृद्धी महामार्ग आला आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. प्रत्येक वेळी कोणाचे तरी नाव कंसात गेले.

हा कंस घालावयाचा अधिकार कोणाचा? मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला तेव्हापासून हा प्रश्न सरकारी कागदांत आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५० सांगते की नोंद तलाठ्याने करावी, संबंधितांना नोटीस द्यावी, हरकत आली तर ती निराळ्या वहीत लिहावी. पण नोंद प्रमाणित करावी ती वरच्या अधिकाऱ्याने. लिहिणारा हात एक आणि कायम करणारा दुसरा! शिवकालीन पत्रांतही मजकूर संपला की खाली मर्यादेची मुद्रा उठवीत, ती याचसाठी. मुद्रेखाली कोणी एक ओळ वाढवली तर ती चोरटी ठरावयाची.

आज हाच प्रश्न घरोघरी संगणकाच्या पडद्यावर उभा राहतो. दोन तास खपून मजकूर लिहावा, 'सेव्ह' म्हणावे, आणि यंत्राने 'परवानगी नाही' असे सुनवावे! माणूस चिडतो, यंत्र बिघडले म्हणतो. पण यंत्र बहुधा ठीकच असते. ते विचारत असते की तुम्ही कोण, आणि या जागी लिहिण्याचा हक्क तुम्हांला कोणी दिला?

संगणकाला हा प्रश्न मुळात पडत नसे. एका वेळी एकच माणूस त्यावर काम करी, तोवर मालकी कसली? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच यंत्रावर अनेकांना एकदम काम करू देणारी व्यवस्था चालवून दाखविली, आणि तिच्यामागोमाग प्रत्येकाची फाईल निराळी, प्रत्येकाचा परवलीचा शब्द निराळा, हे ओघानेच आले. त्या काळची एक फजिती पुढे स्वतः कोर्बातोंनीच ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली. मजकूर दुरुस्त करणारी आज्ञावली काम चालू असताना एक कच्ची फाईल करी आणि तिला नेहमी एकच ठरावीक नाव देई. एका दप्तरात एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरलेले होते. व्यवस्थापकांच्या सोयीसाठी तेवढा नियम सैल केला गेला. मग एके दिवशी एकजण रोजची सूचना लिहीत बसला आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत बसला. दोघांच्या कच्च्या फायली एकमेकींत मिसळल्या. त्यानंतर जो कोणी यंत्रावर आला त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून आले!

बेल प्रयोगशाळेत १९६९ नंतर घडलेल्या युनिक्सने यावर जी शिस्त लावली ती आजही टिकून आहे. प्रत्येक फायलीवर तीन हक्कांच्या खुणा: वाचणे, लिहिणे, चालविणे, आणि मालकाला कोणते, इतरांना कोणते, हे त्यातच नोंदलेले. यात एक मेख आहे. फाईल तुमची असली तरी ती ज्या फोल्डरात आहे तेथे नवी नोंद करण्याचा हक्क निराळा असतो. पुष्कळ आज्ञावली 'सेव्ह' करताना आधी कच्ची प्रत लिहितात नि मग तिला खरे नाव देतात. साहजिकच फाईल आपली, पण फोल्डर परक्याचे, अशा ठिकाणी अडते.

आपल्याकडे घरगुती संगणक आले ते मात्र १९८१ च्या डॉसच्या वळणाचे. तेथे मालक ही कल्पनाच नव्हती. आज्ञावली लिहिणाऱ्यांना वाटेल तेथे लिहिण्याची खोड लागली. १९९३ च्या विंडोज एनटीने हक्कांच्या याद्या आणल्या, २००१ च्या एक्सपीने त्या घरात नेल्या, तरी बहुतेक लोक व्यवस्थापकाच्या नावानेच सारे काम करीत. २००७ साली व्हिस्टा आली आणि चहूकडे 'परवानगी नाही' सुरू झाले. जुन्या आज्ञावलींची समजूत काढण्यासाठी व्हिस्टाने एक युक्ती केली: बंदी असलेल्या जागी लिहू पाहिले की ते लिखाण गुपचूप त्या माणसाच्या खासगी कोपऱ्यात ठेवावयाचे. फाईल 'सेव्ह' झाली असे दिसे, पण शेजारच्याला सापडत नसे. मला तर हा खोटा दिलासा सरळ नकाराहून वाईट वाटतो.

तेव्हा अडल्यावर करावे काय? पहिल्याने मजकूर वाचवावा. दुसरे नाव देऊन तो स्वतःच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवावा. मग शांतपणे पाहावे की तीच फाईल दुसरीकडे उघडी आहे काय, तिच्यावर 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण आहे काय, फोल्डर कोणाच्या मालकीचे आहे. २०१७ पासून विंडोजमध्ये एक पहारेकरीही आहे. तो चालू केलेला असला तर अनोळखी आज्ञावलीला 'डॉक्युमेंट्स'मध्येदेखील लिहू देत नाही, आणि तेव्हा 'फाईल सापडत नाही' असा भलताच निरोप मिळू शकतो. अशा वेळी त्या एका आज्ञावलीला मुभा द्यावी. 'सर्वांना सर्व हक्क' असे लिहून मोकळे होण्याचा उपाय जाणते म्हणविणारेही सांगतात. तो कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा आहे.

इगतपुरीचा सातबाराही आता संगणकावर आहे, आणि १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. नोंद करणाऱ्याची सही एक, प्रमाणित करणाऱ्याची दुसरी, ही जुनी वाटणी तेथेही तशीच राहिली. एखादा फेरफार वाटेत असेल तर उताऱ्यावर तो 'प्रलंबित' म्हणून दिसतो. नावातला एक काना चुकलेला, मोबदला त्यावर अडलेला, आणि समोर बसलेल्या तलाठ्याला ती चूक उघड दिसते आहे, असे घडते. तरी एकदा प्रमाणित झालेली ती नोंद त्याला आपल्या हाताने बदलता येत नाही. कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश आणावा लागतो, आणि शेतकरी अर्ज घेऊन पुन्हा तालुक्याला जातो.