होडीचं भाडं, पुलाचा टोल

मंडळी, होडीने कामावर जाणं ही कल्पना आपल्या नागपूरकरांना जरा परकीच. आपली नाग नदी पावसाच्या भरवशावरची. उन्हाळ्यात तिच्यात होडी चालावी एवढं पाणी कुठलं? म्हणून आज आपण मुंबईकडे वळू.

१८४५ पूर्वी माहीमहून वांद्र्याला जायचं, तर खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात तर ते जिवावरचं काम. कंपनी सरकार बांधकामाला पैसा देईना. शेवटी सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले. अट घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही.

ही अटच आपण नीट पाहिली पाहिजे. टोल बसला असता, तर गरिबाचं होडीचं भाडं वाचून टोलनाक्यावर गेलं असतं. माहीम कॉजवेवरून मात्र तो फुकट, पायी आणि भरतीतही जाऊ लागला.

आजही भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसला लाँच जातात. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे. नवी बोट आली, की तिच्या वेगाची बातमी होते. आपण आधी विचारावं: तिकीट किती, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते रोज परवडतं का?