आधी रोजकीर्द, मग खतावणी

मंडळी, २००५च्या आसपास बारामती-इंदापूरकडे ज्यांनी लिनक्स सर्व्हर सांभाळलाय, त्यांना भारनियमन वेगळं सांगायला नको. यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या. लाइट गेली की थोड्या वेळात सर्व्हर आडवा. एका संस्थेचा (नाव नको!) सगळा हिशेब जुन्या ईएक्सटी२वर होता. लाइट आली की एफएससीके आख्खी डिस्क तपासत बसणार. एक चहा, मग दुसरा चहा. शेवटी काही फायली 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये, नावं गायब, नुसते आयनोड क्रमांक.

ईएक्सटी२ १९९३चं. त्यावरचा इलाज, स्टीफन ट्वीडीचं ईएक्सटी३, नोव्हेंबर २००१मध्ये कर्नल २.४.१५मध्ये आलं. कल्पना आपल्या दुकानदारांचीच म्हणा ना: आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदल आधी जर्नलमध्ये उतरवायचा, मग जागेवर. मध्येच लाइट गेली तर पुऱ्या नोंदी जागेवर चढवायच्या, अर्धवट सोडून द्यायच्या. काम सहसा काही सेकंदांत! जुनी डिस्क फॉरमॅटही करावी लागत नव्हती.

पण नेहमीच्या पद्धतीत हे जर्नल फाइल सिस्टिमच्या रचनेची नोंद ठेवतं, फायलींतल्या मजकुराची नाही. आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर? कर्नलच्या लॉगमध्ये आय/ओ एरर दिसल्या, की स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघायची, डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, आणि एफएससीके त्या प्रतीवर.

आम्ही तेव्हा उलटं केलं. कुरकुरणाऱ्या मूळ डिस्कवरच एफएससीके लावून 'वाय' दाबत सुटलो. तीन महिन्यांचा हिशेब मग कागदी पावत्यांवरून पुन्हा भरला.