उजनीचा काठ

आमच्या सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. पण करमाळ्याकडं उजनीच्या पाण्याकाठी उभं राहिलं, की मला पलीकडचा तीर धूसर दिसतो अन् लाटा पायाशी येतात. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधी इथं मळे होते, नांदती गावं होती. ती बुडाली, तेव्हा खालच्या अंगाला ऊस पिकला. उन्हाळ्याकडं पाणी हटतं. उघड्या गाळात रोहित पक्ष्यांचे थवे चोची बुडवून चरतात. पलीकडं, इंदापूर तालुक्यात, पळसदेवाच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. पाहुणे फोटो काढतात. आमची म्हातारी माणसं नुसतं बोट दाखवतात, "हितं आपली विहीर व्हती, तकडं चावडी." नातवंडांना मात्र तिथं फक्त पाणी दिसतं. म्हणून हे लिहून ठेवतो.