आवाज तुटला तर आधी चाक बघा

खेळण्यातल्या आगगाडीचं इंजिन धावता धावता शिट्टी मारतं, ही अलीकडची करामत वाटते. प्रत्यक्षात ती १९३५ सालची आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने त्या वर्षी इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये, एक छोटी मोटर आणि पंखा बसवला. पंख्याची हवा पोकळीतून घुसली की शिट्टी वाजायची. पण चालत्या गाडीला ‘आता वाजव’ हे सांगायचं कसं? लायोनेलच्या गाड्या एसी विजेवर चालत. बटण दाबलं की त्याच रुळांतल्या एसीवर थोडा डीसी दाब चढायचा. टेंडरमधला रिले एसीला दाद देत नसे. डीसी आला की चिकटायचा आणि शिट्टी सुरू व्हायची.

वीज आणि निरोप एकाच रुळातून पाठवायची ही युक्ती लक्षात ठेवा. आजच्या डिजिटल इंजिनाचं सगळं कौतुक आणि त्याचे बरेचसे आजार तिच्यातूनच आलेत.

पुढे बहुतेक ठिकाणी दोन रुळांच्या, १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या गाड्या रुळल्या. दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव बदलले की गाडी उलटी जाते. सोपं आहे, पण त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं की तेही पळू लागतं. म्हणून हौशी लोक रुळांचे विजेच्या दृष्टीने तुकडे पाडत आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच लावत. गाडी पुढे सरकली की माणसाने स्विच बदलत राहायचं. गाडीपेक्षा स्विचकडेच जास्त लक्ष!

यावर तोडगा म्हणून १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने ‘ॲस्ट्रॅक’ आणलं. एकाच रुळावरची पाच इंजिनं त्यातून वेगवेगळी चालवता येत. १९८०च्या आसपास ब्रिटनमध्ये हॉर्न्बीचं ‘झीरो वन’ आलं, सोळा इंजिनांसाठी. मग जर्मनीत मार्क्लिनची डिजिटल पद्धत आली, ऐंशी पत्त्यांची. प्रत्येकाची भाषा वेगळी. एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या रुळावर मुकं.

हे थांबलं ते अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनमुळे. ही हौशी लोकांची संस्था, स्थापना योगायोगाने १९३५चीच. कोणाचाही डबा कोणाच्याही रुळावर चालावा म्हणून चाकांची आणि रुळांची मापं ठरवणं, हे तिचं मूळ काम. १९९०च्या दशकात तिने जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने विकसित केलेली पद्धत पायाभूत धरून डिजिटल नियंत्रणाचं प्रमाण ठरवलं. तेच डीसीसी.

डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण दाब असतो, फक्त ध्रुव सतत उलटसुलट होत राहतात. एका बाजूला ५८ मायक्रोसेकंद थांबले तर तो ‘एक’, १०० किंवा जास्त थांबले तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांतून पत्ता आणि हुकूम जातो, शेवटी चूक ओळखण्यासाठी एक पडताळणी. इंजिनातला डिकोडर स्वतःचा पत्ता असेल तेवढंच ऐकतो. पडताळणी जुळली नाही तर तो हुकूम सोडून देतो. काही बिघडत नाही, कारण तोच हुकूम पुन्हा पुन्हा येत असतो.

आवाजाचाही स्वतंत्र इतिहास आहे. १९७०च्या दशकात पॅसिफिक फास्ट मेल या कंपनीच्या पद्धतीत आवाज इंजिनाबाहेर तयार होऊन रुळांतून आतल्या स्पीकरकडे जायचा. वाफेचा फुसकारा कधी सोडायचा, ते चाकाच्या आसावर बसवलेला संपर्क सांगायचा. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेरीत चार फुसकारे. हा हिशोब चुकला तर जाणकाराला लगेच खटकतं. १९९०च्या दशकात खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रित आवाज चिपमध्ये भरून डिकोडरमध्येच आले. हे काम पुढे नेणाऱ्यांपैकी साउंडट्रॅक्स ही कंपनी कोलोरॅडोतल्या ड्युरँगो गावची. त्या गावातून खऱ्या वाफेच्या गाड्या आजही सुटतात.

आणि इथेच गंमत झाली. साध्या डिजिटल इंजिनात वीज क्षणभर तुटली तर चाकांचा जोर गाडी पुढे नेतो, आपल्याला कळतही नाही. आवाजाच्या डिकोडरला मात्र ते चालत नाही. वीज गेली की तो बंद पडतो, आली की पहिल्यापासून सुरू होतो. फुसकारे थांबतात, मग उभ्या इंजिनाची घरघर, मग पुन्हा फुसकारे. रुळ आणि चाकातला जो दोष आधीपासून होताच, तो आवाजामुळे ऐकू येऊ लागला.

आमच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या इंजिनाला हाच आजार होता. ‘डिकोडर गेलाय रे याचा. नवा मागवू का?’ त्यांनी मला विचारलं. आवाजवाला डिकोडर बाहेरून मागवायचा तर काही हजार रुपये सहज जातात आणि त्यांचा सगळा खर्च पेन्शनमधून. पण वेगाचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना हवा होता तो वाफेचा आवाज, म्हणून इंजिन कपाटात ठेवायलाही ते तयार नव्हते.

आधी पाहिलं, आवाज कुठे तुटतो. ठरावीक जागी तुटला असता तर दोष रुळाचा. तो सगळीकडे तुटत होता. रुळ अल्कोहोलच्या फडक्याने पुसले, फडक्यावर काळी रेघ आली, फरक थोडाच पडला. मग इंजिन उघडलं. प्रमाणानुसार डिकोडरच्या लाल आणि काळ्या तारा रुळांच्या. नारिंगी आणि करड्या मोटरच्या. लाल-काळ्या तारांना थेट वीज दिली. दहा मिनिटं आवाज अखंड चालला. म्हणजे डिकोडर निर्दोष.

उरलं चाक ते तार एवढंच अंतर. मल्टिमीटर लावला. इंजिनाच्या दोन चाकांवर पकडीसाठी रबराच्या पट्ट्या होत्या. त्या वीज घेत नाहीतच. त्यामुळे सगळी भिस्त टेंडरच्या चाकांवर आणि तिथली एक पातळ धातूची पट्टी चाकापासून केसभर दूर गेली होती. चिमट्याने ती वाकवली, चाकं पुसली. खर्च शून्य.

म्हणून मी बिघाड इतिहासाच्याच क्रमाने शोधतो. सगळ्यात जुनं आधी: रुळ, चाक, पट्टी. मग डीसी काळातल्या गोष्टी: तारा, मोटर. मग १९८०-९०चा पत्ता. इंजिन हाकेला ओच देत नसेल तर नव्या डिकोडरचा ठरलेला पत्ता, ३, वापरून बघायचा. सगळ्यात शेवटी आवाज: स्पीकरची तार, आवाजाची पातळी.

उलट्या क्रमाने गेलं तर फसगत होते. प्रोग्रामिंगच्या रुळावर डिकोडर उत्तर देतो ते बहुधा मोटरला क्षणभर झटका देऊन, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद ६० मिलिअँपिअर जास्त वीज ओढून. मोटरची तार सुटली असेल तर चांगला डिकोडरही ‘मेलेला’ दिसतो. बऱ्याच डिकोडरांत आठव्या कप्प्यात ८ लिहिलं की सगळं कारखान्यातल्यासारखं होतं. पण मालकाने हौसेने बसवलेला वेग, पत्ता, शिट्टीची पातळीही त्यासोबत पुसली जाते, आणि चाक मळकंच राहतं.

आता गाडी फोनवरून चालते. त्यामुळे काही अडलं की बोट आधी सेटिंगकडे वळतं. फोनवरचा हुकूम मात्र शेवटी त्याच रुळातून, त्याच चाकाच्या टेकलेल्या टिचभरही नसलेल्या जागेतून आत जातो. लायोनेलच्या शिट्टीचा निरोपही तिथूनच जात होता.